गाडीतली नणंद

३ मार्च, सोमवार

आजपासून रोज थोडं लिहायचं ठरवलं आहे. कारण एवढंच, की यांच्या लॉगबुकच्या अकरा कोऱ्या वह्या घरात पडून राहिल्या आणि आता त्या कोणाच्याच उपयोगाच्या नाहीत. प्रत्येक पानाच्या डोक्यावर चोवीस तासांचे चौकोन छापलेले आहेत, खाली शेऱ्यासाठी रेघा. चौकोन कोरे सोडायचे आणि शेऱ्याच्या जागेत लिहायचं. कागद चांगला आहे, शाई फुटत नाही. रद्दीत घालायचं मन झालं नाही.

वह्या निकामी का झाल्या, ते लिहून ठेवते. हे ट्रक चालवतात, सव्वीस वर्षं झाली. ड्रायव्हरने रोज किती तास गाडी चालवली, किती तास काम केलं आणि किती तास विश्रांती घेतली, हे लॉगबुकात लिहावं असा कायदा आहे. यांचं अक्षर त्यांना स्वतःलाही लागत नाही, म्हणून एकोणीस वर्षं लॉगबुक मीच लिहिते. फेरीहून आले की चहा घेता घेता सांगायचे, "कधी निघालो ते काही आठवत नाही बघ. तूच बसव." आणि मी बसवायची. चौदा तासांचे अकरा करणं सोपं नाही. कुठे जेवण लांबवावं लागतं, कुठे टायर पंक्चर करावं लागतं. मॅट्रिकला गणितात एक्क्याऐंशी मार्क होते मला. एकोणीस वर्षांत एकाही तपासणीवाल्याने पानावर बोट ठेवलं नाही. दर पानामागे देवाची माफी मागत आले, ते वेगळं.

आता मालकाने सगळ्या गाड्यांत एकेक डबी बसवली आहे. ती थेट इंजिनला जोडलेली. चाक फिरलं की तिला कळतं, थांबलं की कळतं, आणि जे कळेल ते ती लगेच ऑफिसात कळवते.

मी म्हटलं, "म्हणजे गाडीत नणंदच आणून बसवली म्हणा की."

हे इतके हसले की अर्धा कप चहा सांडला. पुसून घेतला, पण गेला तो गेलाच.

४ मार्च, मंगळवार

मालकाने शिकवणीला ड्रायव्हरांबरोबर घरच्यांनाही बोलावलं होतं. सगळ्यांची लॉगबुकं बायकांच्या अक्षरात आहेत, हे त्याला ठाऊक असणारच. गोदामाच्या पुढच्या खोलीत खुर्च्या मांडल्या होत्या. शिकवायला एक तरुण बाई होत्या, केस छान, आवाज खणखणीत.

डबीला चार बटणं. फोनवरूनही दाबता येतात. पहिलं, गाडी चालवतोय. दुसरं, कामावर, गाडी उभी. तिसरं, केबिनमध्ये झोप. चौथं, विश्रांती. दोन फेऱ्यांच्या मध्ये सलग दहा तास विश्रांती दिसली पाहिजे. मध्ये पाच मिनिटं जरी "कामावर" दाबलं तरी मोजणी पुन्हा शून्यापासून. दिसली नाही तर लाल रेषा. हा महिना चाचणीचा. तीन लाल रेषा झाल्या की तो ड्रायव्हर गाडीवरून खाली आणि फाटकावर पावत्या तपासायला.

यांचा मित्र आहे, जाड भिंगांचा चष्मा लावतो म्हणून त्याला सगळे बॅटरी म्हणतात. त्याने विचारलं, "बाई, गाडी उभी आहे पण मी हमालांच्या मागे ओरडतोय. तर ते काम का विश्रांती?"

बाई म्हणाल्या, "सोपं आहे काका. कोणाच्या तरी सांगण्यावरून काही करत असाल तर 'कामावर'. स्वतःच्या मर्जीचे मालक असाल तेव्हाच 'विश्रांती'."

हे मी लिहून घेतलं. यांनी लिहून घेतलं नाही, पण मान हलवली, आणि नको तितका वेळ हलवत राहिले.

बॅटरी जाता जाता म्हणाला, "वहिनी, नणंद नाव झक्क आहे. पण सासरी ती तुम्हाला छळते, आम्हाला कशाला?" म्हणजे नाव कालच सगळीकडे पोचलं होतं.

घरी आल्यावर यांना देवासमोर उभं केलं. म्हटलं, "एकोणीस वर्षं माझ्या हातून खोटं लिहून घेतलंत. आता वही संपली. हात जोडा आणि म्हणा, डबीशी खोटं बोलणार नाही. चालवलं तर चालवलं, काम तर काम."

"अगं, थोडंसुद्धा नाही?"

"मिनिटाचंही नाही."

त्यांनी हात जोडले. माझ्या डोक्यावरचं मोठं ओझं उतरलं. दिवा लावून लगेच बारीक केला.

५ मार्च, बुधवार

हे पहाटे फेरीवर गेले. दुपारी चहाच्या वेळी हात आपोआप पेनाकडे गेला. बसवायला काही नव्हतं. मुलीच्या कॉलेजच्या वेळापत्रकाची बेरीज केली. तीही बरोबर होती.

७ मार्च, शुक्रवार

उद्या सकाळी हे येतील. घरातली कामं साठली आहेत. यादी केली, चौदा निघाली. नळ गळतो, टाकी धुवायची, माळा आवरायचा, पंख्याची कुरकुर, खिडकीची कडी, वगैरे. सगळी एकदम सांगितली तर माणूस बिथरतो. शनिवारी चार, रविवारी चार सांगायची आणि उरलेली पुढच्या खेपेला. हे माझ्यापुरतंच.

८ मार्च, शनिवार

सकाळी आठला आले. खाणं झालं. चारही कामं झाली. काम करताना मध्येच फोन काढून काहीतरी दाबतात, पुटपुटतात, पुन्हा खिशात ठेवतात. म्हटलं, "कोणाशी बोलता?" तर म्हणाले, "नणंदेशी. शपथ घेतली आहे ना?"

जेवायच्या वेळी म्हणाले, "चौदापैकी चार झाली. बरं चाललंय."

चौदा हा आकडा यांना कुठून कळला? मी बहुतेक मोजताना मोठ्याने बोलते. ही सवय घालवली पाहिजे.

१० मार्च, सोमवार

हे पहाटे गेले आणि नऊला मालकाचा फोन. "वहिनी, तुमच्या यजमानांना पहिली लाल रेषा लागली. दोन दिवसांत सलग दहा तास विश्रांतीच दिसत नाही."

मी म्हटलं, "असं कसं? दोन्ही दिवस माणूस घरी होता. घरी बाकी काय करतो माणूस?"

"डबी तर तसं म्हणत नाही."

"मग डबी बिघडली असेल. नवी वस्तू आधी तपासून घ्यायची असते."

मालक "बघतो" म्हणाला. त्याचा आवाज मला जरा विचित्र वाटला. खोकला आला असेल.

१२ मार्च, बुधवार

झोप लागली नाही नीट. आणखी दोन रेषा आणि मग फाटक. सव्वीस वर्षं स्टिअरिंगवर हात ठेवलेला माणूस फाटकावर पावत्यांना शिक्के मारणार. मागे एका ड्रायव्हरला गुडघ्यामुळे बसवलं होतं तिथे. वर्षभरात तो इतका म्हातारा दिसायला लागला की ओळखीच्या डॉक्टरनेही त्याला पुन्हा वय विचारलं.

खरं लिहायचं तर दुसरीही काळजी आहे. फाटकावर बसले तर रोज संध्याकाळी सहाला घरी येतील. रोज. देवा, यांचं गाडीवरच राहणं सगळ्यांच्याच भल्याचं आहे.

१६ मार्च, रविवार

काल आले. मुद्दाम कमी कामं सांगितली. फक्त माळा, टाकी, आणि जाता येता कडी. बाकी पूर्ण आराम. दुपारी जरा पडले होते, तेव्हा फक्त एवढंच विचारलं की पंख्याचं तेल कुठे ठेवलंय. पाचच्या सुमाराला फेरीत काय काय झालं ते नीट सुरुवातीपासून विचारून घेतलं. हे तर बोलणंच झालं. रात्री दहाला झोपले, आज नेहमीप्रमाणे पहाटे पाचला प्रार्थनेला उठवलं. त्यात पुण्यच आहे.

मुलगी माझ्याकडे बघून हसत होती. म्हटलं, "काय गं?" म्हणाली, "काही नाही. आई, तू डोळ्यांनीसुद्धा काम सांगतेस, माहीत आहे का?"

आजकालच्या मुलींना बोलायला विषय लागत नाही.

१७ मार्च, सोमवार

दुसरी लाल रेषा.

यावेळी मालकाला नाही, थेट त्या शिकवणीवाल्या बाईंना फोन लावला. म्हटलं, "तुमच्या डबीत दोष आहे. माझा नवरा शनिवारी आणि रविवारी घराच्या बाहेर पाऊलही टाकत नाही."

त्या म्हणाल्या, "ताई, डबी ठीक आहे. 'कामावर' त्यांनी स्वतःच दाबलंय. वेळेसकट. शेरेही आहेत. वाचून दाखवू?"

"दाखवा."

त्यांनी वाचून दाखवलं. मी ऐकता ऐकता लिहून घेतलं, सवयीने. आता ते समोर आहे म्हणून उतरवते.

शनिवार, सकाळी ९.१० ते ११.४०. कामावर. शेरा: माळा. आदेश वरिष्ठांचा.
११.४५ ते १.००. टाकी. आतून. वरिष्ठ बाहेरून देखरेखीला.
दुपारी ३.२०. पंख्याचं तेल. झोपेतून तोंडी चौकशी.
५.०० ते ६.१५. फेरीचा जबाब.
रविवार, पहाटे ५.०० ते ५.३०. प्रार्थना. हजेरी सक्तीची.

वाचता वाचता त्या बाई दोनदा थांबल्या. मला वाटलं फोन कटला. मग त्यांनी विचारलं, "ताई, वरिष्ठ म्हणजे कोण?"

मी फोन ठेवला.

म्हणजे हे सगळं ऑफिसात रोज कोणीतरी वाचत होतं. मालकाला खोकला नव्हता.

संध्याकाळी यांचा रस्त्यातून फोन आला. मी म्हटलं, "तुम्ही हे मुद्दाम केलंत."

"मी? देवासमोर शपथ कोणी घ्यायला लावली? काम तर काम, तूच म्हणालीस. मिनिटाचंही खोटं नको."

"अहो, पण तिसरी लागली तर गाडी जाईल. कळतंय का?"

मागून इंजिनाचा आवाज येत होता. मग म्हणाले, "कळतंय. पण खोटं मी दाबणार नाही. वही असती तर तू बसवलं असतंस. आता नणंद आहे."

चिडायचं होतं, पण चिडणार कोणावर? शपथ माझीच.

२१ मार्च, शुक्रवार

हे लांबच्या फेरीवर आहेत, या शनिवारी घरी येणार नाहीत. केबिनमध्येच झोपतात, दहा तास सलग. तिकडे रेषा हिरवी. ही गोष्ट मला बरी वाटली की वाईट, ते अजून ठरलेलं नाही.

बॅटरीची बायको भेटली. म्हणाली, बॅटरीने सुरुवातीला डबीवर टॉवेल टाकून ठेवला होता. आता रोज फडक्याने पुसतो. कारण असं झालं: एका मोठ्या गोदामात माल उतरवायला नेहमी सहा सहा तास ताटकळत ठेवतात. आजवर ड्रायव्हरने किती सांगितलं तरी गोदामवाले म्हणायचे, कुठे सहा, अर्धा तास झाला असेल. यावेळी डबीने मिनिटासकट सांगितलं. मालकाने तो कागद गोदामाच्या तोंडावर धरला. दुसऱ्या खेपेला तासाभरात गाडी मोकळी. आता सगळे ड्रायव्हर म्हणतात, नणंद आपल्या बाजूने चहाडी करते तोवर राहू दे.

मी हसले. मग घरी येऊन जुन्या वह्या काढल्या. तिथे ताटकळलेले तास मी कुठे बसवायची ते बघितलं. सगळे विश्रांतीत. ते तिथे सोयीचे पडायचे, बेरीज सुटायची. हे तिकडे सहा सहा तास उन्हात रांगेत गाडी एकेक फूट पुढे ढकलत होते आणि माझ्या अक्षरात आडवे पडून आराम करत होते. कधी तक्रार केली नाही. "तूच बसव" म्हणायचे.

आज देवापुढे जास्त वेळ बसले.

२८ मार्च, शुक्रवार

उद्या सकाळी आठला येतील. महिन्यातली शेवटची खेप. ऑफिसात चाचणीचा हिशेब उद्या संध्याकाळी सहाला बंद होणार, म्हणजे आठ ते सहा, बरोबर दहा तास. मी ठरवलं आहे: एकही काम सांगायचं नाही. एकही प्रश्न विचारायचा नाही. यादीत अजून चार कामं आहेत. यादी पिठाच्या डब्याखाली ठेवली. या वहीच्या वरच. म्हणजे माझ्याही नजरेला पडणार नाही.

मुलगी म्हणाली, "आई, दहा तास? तू? पैज लावू या?" म्हटलं, पैज लावणं पाप आहे. मनातून लावावीशी वाटत होती.

२९ मार्च, शनिवार

आधी संध्याकाळचं लिहिते, मग बाकीचं. नाही, क्रमानेच लिहिते.

आठला आले. पाणी दिलं. "प्रवास" एवढं तोंडातून गेलं, आणि ते फोनकडे बघायला लागले. मी म्हटलं, "प्रवास करून आलेल्या माणसाने पडावं, एवढंच म्हणत होते. तेही तुमची इच्छा असेल तर." त्यांनी विश्रांतीचं बटण दाबलं आणि मला दाखवलं.

साडेनऊला बूट दारात आडवे पडलेले होते. मी उचलून ठेवले. अकराला ते वर्तमानपत्राची पानं सुटी करून घरभर पसरून वाचत होते. मी स्वयंपाकघरात जाऊन डाळ निवडली. निवडलेली होती, पुन्हा निवडली. जेवताना मी ताटाकडे बघून जेवले, डोळ्यांचा आरोप नको म्हणून. दुपारी ते झोपले आणि घोरायला लागले, तेव्हा पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला. घोरणारा माणूस कामावर आहे असं कोणतीही डबी म्हणणार नाही.

सव्वाचारला टाकीखालचा नळ सुटला. नुसता गळला नाही, पूर्ण सुटला. यादीत तो पहिल्या नंबरवर होता, पण दर खेपेला दुसरंच काही निघालं आणि तो राहून गेला. पाण्याची धार थेट भिंतीवर. टाकीचा मुख्य कॉक माझ्याने फिरेना. सहाला पावणेदोन तास बाकी. हाक मारली असती तर एका मिनिटात आले असते, आणि गाडी गेली असती. मी फडकं गुंडाळून दोन्ही हातांनी नळ दाबून धरला आणि उभी राहिले. मुलगी क्लासला गेलेली. पाणी कोपरावरून आत जात होतं. मनात प्रार्थना म्हणत होते, तोंडाने नाही. आवाज झाला असता.

पाचला पाच कमी असताना मागे चाहूल लागली. हे दारात उभे. केस विस्कटलेले.

मी म्हटलं, "जा. पडा. काही झालं नाहीये. मी काही सांगितलेलं नाही."

"किती वेळ उभी आहेस?"

"तुम्ही विचारताय, मी नाही. काहीही दाबू नका. एक तास राहिलाय."

ते जवळ आले, माझे हात बाजूला केले आणि मुख्य कॉक एका झटक्यात बंद केला. मग पाना आणला. मला रडूच यायला लागलं. म्हटलं, "झालं. गेली गाडी. आता दाबा 'कामावर'. तुमची शपथ."

त्यांनी पाना फिरवता फिरवता विचारलं, "तू मला बोलावलंस?"

"नाही."

"कोणी सांगितलं?"

"कोणीच नाही."

"मग त्या बाई काय म्हणाल्या होत्या? लिहून घेतलं होतंस ना तू. स्वतःच्या मर्जीचा मालक असेल तेव्हा काय दाबायचं?"

त्यांनी फोन ओल्या ओट्यावर ठेवला, विश्रांतीवरच. नळ घट्ट झाला. मग आम्ही दोघं फोनसमोर बसून राहिलो. सहा वाजले तेव्हा पडद्यावर हिरवी रेषा आली, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

मुलगी आली तेव्हा आम्ही दोघंही ओले होतो. तिने दोन टॉवेल आणून दिले.

३० मार्च, रविवार

यांना पहाटे उठवलं नाही. हे आपणहून साडेसातला उठले आणि देवासमोर जाऊन उभे राहिले. सक्ती नव्हती, तरी हजेरी लागली.

जेवणं उरकून लिहायला वही उघडली आणि बघते तर कालच्या पानावरचे चौकोन भरलेले. एकोणीस वर्षांत यांनी एकदाही न भरलेले चौकोन, त्या अक्षरात. वही पिठाच्या डब्याखाली असते हे यांना ठाऊक असण्याचं काही कारण नाही. चौदाच्या आकड्याचं आता लक्षात येतंय. पण तो विषय वेगळा काढीन. जसं आहे तसं खाली उतरवते, कारण वर वाचता येत नाही.

ड्रायव्हर: वरिष्ठ.
गाडी चालवतोय: शून्य.
कामावर: अठरा तास.
झोप: सात तास.
विश्रांती: शून्य.
शेरा: नळाखाली चाळीस मिनिटं उभी. आदेश कोणाचाही नाही. डाळ दोनदा निवडली. लाल रेषा तीन. गाडीवरून खाली उतरवावे.

दोनदा वाचलं. मग सवयीने बेरीज केली. अठरा आणि सात, पंचवीस.

बाहेर हे यादीतली राहिलेली कडी बसवत होते. यादी पिठाच्या डब्याखालीच होती. मी काही सांगितलेलं नाही. म्हटलं, "अहो, दिवसाचे पंचवीस तास झालेत तुमचे."

"माझे नाहीत, तुझे. मोजलेत मी."

"असा दिवस नसतो."

"मग तूच बसव."

पेन घेऊन बसले. एक तास जास्तीचा, तो कामातून वजा केला. अठराचे सतरा, बेरीज चोवीस, हिशेब सुटला. तरी ते विश्रांतीपुढचं शून्य बघवेना. मग आणखी एक तास कामातून काढला आणि विश्रांतीत टाकला. सोळा, सात, एक. चोवीस. हात अजून चांगला चालतो.

पण कालचा तो तास मला काल मिळालेला नाही. म्हणजे नोंद खोटी, आणि खोटं लिहायचं नाही असं देवासमोर ठरलेलं आहे. शपथ यांनी घेतली होती, पण घ्यायला लावणारीही त्यात येतेच. म्हणून कालचा एक खोडला आणि आजच्या चौकोनात मांडला: दुपारी दोन ते तीन, विश्रांती.

आता घड्याळात दोनला तीन मिनिटं कमी आहेत. भांडी तशीच आहेत. वही मिटते.